शिरोरेघ

चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे,
चित्रकलेचे सर नाहीत.
म्हणून शुक्रवारी, खिचडी झाल्यावर,
मराठीच्या मला तो मिळतो.
सोबत तेलखडूंचा एक डबा,
ज्यात पांढरा अजून कोराच
आणि हिरव्याचा उरलाय नखाएवढा तुकडा.
धानाच्या मुलखातली पोरं,
हिरवा पुरतच नाही त्यांना.

त्या साली दुधराम पेंटर आला शाळेच्या भिंती रंगवायला.
ट्रॉल्यांच्या पाठीवरची नावं,
आटाचक्कीचे दर, दंडारीचे पडदे,
आसपासच्या सात गावांत सगळं त्याच्याच हातचं.
हेडसरांनी कागदावर दिलं होतं : पाणी वाचवा.
त्यानं भिंतीवर काढलं : पाणि.
मी म्हटलं, भाऊ, दीर्घ हवा.
तो शिडीवरून उतरला, दहा पावलं मागं गेला,
एक डोळा मिटून बघत राहिला.
'बरोबर हाय बाई, दीर्घच पायजे.
ह्या बाजूनं लय रिकामं वाटून रायलं.'

एकवीस वर्षं मी लाल शाईनं
वेलांट्या इकडच्या तिकडं करत आले.
जागेचा विचार
एकदाही शिवला नाही मला.

पुढच्या शुक्रवारी पोरांना वर्गाबाहेर काढलं.
एक शब्द घ्या, म्हटलं,
आणि शोधा, तो कुठं राहतो.

लोमेशनं बगळा लिहिला.
शेवटचा काना ओढत ओढत
पार जमिनीला टेकवला,
आणि सगळा शब्द एका पायावर उभा.
टेकेश्वर म्हणाला, माझा मोह.
म इथं, ह तिथं, मात्रा घरंगळत गेलेली पायरीपाशी.
'पाहाटे पडते ना बाई, असाच पडते.
येचा लागते.'
दोघी बहिणींनी मिळून धुरा काढला,
जाड, तपकिरी, आडवा,
आणि अक्षरं खाली लावली रोवणीसारखी,
वाकून, मागं मागं सरकत.
शिरोरेघ म्हणजे धुरा,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिलोत्तमा उईके काहीच काढेना.
तळवा भिंतीला लावून चालत राहिली,
कोपऱ्यावरून वळली, मागं गेली,
जिथं हातपंपाचं सांडपाणी मुरतं
आणि प्लास्टर फुगून पापड होतं.
बेल व्हायला आली तशी मीच गेले बघायला.
ती उकिडवी बसलेली.
भिंतीत ओल चढलेली गुडघाभर,
डोंगर, वळणं, एक शेपूट,
आणि त्या सगळ्यावर
निळ्या खडूची एकच आडवी रेघ.

शब्द कुठं आहे गं?

'पानी आपलंआपण लिवून रायलं, बाई.
म्या फक्त वरची रेघ देल्ली.'

मी घरी कविता लिहिते, कुणाला दाखवत नाही.
त्या रात्री वही उघडली
आणि पानाकडं आधी
भिंतीसारखं बघितलं.
कुठं ओल आहे, ते.
उशिरापर्यंत काही लिहिलं नाही.

केंद्रप्रमुखांनी विचारलं,
ह्याचे गुण भाषेत धरायचे की कलेत?
तक्त्यात दोन रकाने, मधे उभी रेघ.
मी म्हटलं, सर, चहा घेता का?

यंदा ओल निळ्या रेघेच्या वर गेली, चार बोटं.
दुधरामला बोलावलं परत, मागची भिंत खरवडून रंगवायला.
तो थांबला.
'कोनाचं होय हे?'
सातवीतल्या पोरीचं. आता आठवीत, तालुक्याला जाते.
तो दहा पावलं मागं गेला, एक डोळा मिटला.
मग बारीक ब्रश घेऊन बसला
आणि त्या रेघेच्या कडेकडेनं
तेवढं सोडून सगळं रंगवलं.

पैसे मात्र
पूर्ण भिंतीचे घेतले.