पाय कुठे गेला

बाबांनी ते कोळपं तीन हिवाळे बनवलं,
म्हणजे दोन हिवाळे मोडलं
आणि एक हिवाळा बनवलं.
सेनेका तळ्याच्या वरच्या अंगाला आमचा लोहारखाना,
विजेची तार नाही,
डिझेलच्या इंजिनावर फिरणारा एक लांब पट्टा,
भिंतीवर खडूने आखलेल्या मक्याच्या दोन ओळी,
मध्ये आकडा : तीस इंच.

कोळपी बाजारात होती की.
पण लेव्ही होर्स्टचा खुबा निकामी झालेला,
जुनं लोखंड तो दोन्ही हातांनी रेटायचा आणि म्हणायचा,
मेनो, रोप मला दिसतं रे,
मी वळेपर्यंत ते मागे गेलेलं असतं.

बाबा घोड्यांना कधी दोष देत नसत.
ड्यूकला कुंपणाकडची ओढ, पर्लला घराची,
लगाम कितीही खेचा,
घोडा वळतो पावलाने, पातं चुकतं बोटाने,
आणि पाऊल नि बोट यांच्यामध्ये
कुणीतरी बसायला हवं, ते म्हणायचे,
ज्याला फार जोर लावावा लागणार नाही.

पहिल्या साली खीळ मागे बसवली होती.
तोंड डावीकडे नेलं की शेपूट उजवीकडे,
आणि पाती सगळी शेपटालाच.
दुसऱ्या सालचं मी सांगत नाही,
ते अजून कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडून आहे.
तिसऱ्या साली आसन पात्यांच्या बरोबर वर आलं,
खाली वाकून बघितलं की रोप आपल्या दोन गुडघ्यांमधून जायचं,
आणि दोन पायांखाली दोन पट्ट्या.

जूनमध्ये मका वीतभर झाला
तेव्हा त्यांनी मला वर बसवलं. मी अकरा वर्षांची.
टायटस सांगायला धावला, अगं, उजवीकडे जायचं तर आधी...
तोंड मीट, बाबा म्हणाले. कुणी काही सांगायचं नाही.

शेताच्या त्या टोकापर्यंत मी एक्केचाळीस रोपं कापली.
बाबा मागून चालत होते,
एकेक उचलून हॅटमध्ये टाकत होते.
मी उतरले तेव्हा डोळ्यांत पाणी,
नाकात घोड्यांच्या घामाचा वास,
आणि हॅट भरलेली.

बघत कुठे होतीस, असं त्यांनी विचारलं नाही.
विचारलं, पहिलं रोप गेलं तेव्हा
पाय कुठे गेला?
डावा दाबला.
आणि जायचं कुठे होतं?
डावीकडेच.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
पर्ल शेपटीने माश्या वारत राहिली.
मग स्वतःशीच बोलल्यासारखं :
मी टेकडीवर वाढलो. बर्फात घसरगाडी पायांनी वळवायचो,
डावा पाय पुढे रेटला की गाडी उजवीकडे.
जगात सगळ्यांना असंच येतं, असं मला वाटत होतं.

रात्री जेवताना टेबलाखाली त्यांचे पाय हलत होते,
आई दोनदा म्हणाली, मेनो.
मग कंदील घेऊन ते गेले,
आणि आसनाखालच्या दोन सरळ सळ्या
त्यांनी एकमेकींवरून ओलांडून नेल्या.
फुली. एवढंच.

सकाळी शेजारच्या ओळीत तीन रोपं गेली.
त्यातलं एक माझं नव्हतं,
रस्त्यावरून होर्स्टांची बग्गी गेली
आणि ड्यूकला गप्पा मारायच्या होत्या.

पुढे साठेक कोळपी गेली आमच्याकडून,
लेव्हीचं पहिलं, फुकट.
केंटकीहून एकदा रागाचं पत्र आलं :
तुमच्या सळ्या चुकून आडव्यातिडव्या बसल्या होत्या,
आम्ही त्या नीट सरळ केल्या,
तर आता अर्धा मका गेला, याला जबाबदार कोण?

बाबांनी उलट टपाली कार्ड पाठवलं,
ते मीच लिहिलं, त्यांचं अक्षर वाईट होतं :
सळ्यांची परत फुली करा.
घरातली एखादी लहान मुलगी वर बसवा.
तिला काही सांगू नका.