छाट

दीड रुपया शब्द, असा भाव ठरलाय.
श्रीमंत देशांनी कर्करोगाविरुद्ध धोरणं कशी आखली
त्याचा अहवाल, एकशे बारा पानं, मराठीत करायचा.
रात्री शेजारचे लूम थांबले की बसते.

एका शब्दापाशी तीन दिवस अडले आहे.
समानता लिहिलं, खोडलं.
समता लिहिलं, शाळेच्या पाटीसारखं दिसलं.
समन्याय. बरोबर असेल,
पण अख्ख्या विडी घरकुलात कुणाच्या तोंडी नाही.

भूदेवी येमूल कागद वाचून घ्यायला आली.
डाव्या स्तनात गाठ, आता सुपारीएवढी.
गड्ड्याच्या जत्रेत हरभऱ्याएवढी होती.
तपासणीची गाडी त्याच आठवड्यात येऊन गेली,
मंगळवारी, दहा ते एक,
फुकट, सगळ्यांना, कुणाला ना नाही.
दहा ते एक ही विड्या मोजून द्यायची वेळ.
"मी हजार विड्या घेऊन रांगेत,
गाडी तिकडं रिकामी उभी."

तिला पान चौसष्ट वाचून दाखवलं.
गरीब, दूरचे, परक्या भाषेचे, मूळचे रहिवासी,
सगळ्यांना मिळून एक परिच्छेद:
विशेष लक्ष पुरवण्यात येईल.
कोण पुरवणार, कधी, कुठल्या पैशातून?
सगळं वाक्य कर्मणी. कर्ता नाहीच.

ती सुपातली पानं कातरत ऐकत होती,
पत्र्याच्या मापाबाहेरचं खाली पडत होतं.
म्हणाली, "म्हणजे तिथं पण छाट काढतेत?"

छाट म्हणजे:
चेकर हजारातल्या पन्नास-साठ बाजूला टाकतो,
त्यांचे पैसे कापतो,
आणि विड्या ठेवून घेतो.

हो, म्हटलं. काढतात.
मग छाटीच्या उलटा शब्द तिलाच विचारला.
तिनं तेलुगूत आठवून पाहिलं, मराठीत पाहिलं.
"असतंय का तसलं काही?"

शेवटी समन्यायच ठेवला.
एक्केचाळीस ठिकाणी आलाय,
साडेएकसष्ट रुपये झाले.
उद्या सहाच्या एस्टीनं बार्शी,
दोघींचं अर्धं तिकीट धरूनही
त्यात बसत नाही.

निघताना भूदेवी म्हणाली, खिडकीशी बसू,
माझ्या लुगड्याला तंबाखूचा वास येतो,
बाकीच्यांना त्रास नको.