घोळ

मेन्यूकार्डावर मीच छापून घेतलंय : भूमध्य थाळी.
हमस, पिटा, सहा ऑलिव्ह, वर पार्सलीचा तुरा.
रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात,
गंगापूर धरणाकडे तोंड करून बसतात,
आधी फोटो, मग घास, मग
'छान' म्हणतात.
मला त्या छानची लाज वाटते.

समुद्र एक, पण काठ किती.
उद्या कुणी जळगावचं भरीत, मालवणची सोलकढी
आणि नागपूरची सांबारवडी एका ताटलीत वाढून
'दख्खनी थाळी' म्हणालं,
तर निफाडची माझी मावशी
लाटणं घेऊनच उठेल.

म्हणून तीन वर्षं पुस्तकं धुंडाळतोय.
मेन रोड, कॉलेज रोड, पुण्याहून मागवलेली खोकी.
गुळगुळीत कागद, पांढरी भिंत, निळं दार,
आणि लिंबाची फोड अशी नीट कापलेली
जणू तिनं भुकेलं माणूस कधी पाहिलंच नाही.
प्रत्येक मुखपृष्ठावर 'अस्सल'.
अस्सल तुपाच्या पाट्या मी लहानपणापासून वाचतोय;
त्या दुकानातलं तूप आमच्याकडे
फक्त दिव्याला चालायचं.

मला गावाचं नाव हवं होतं.
डोंगराच्या कुठल्या अंगाला,
चीज शेळीचं की मेंढीचं,
उपासाला काय चालतं, सुतकात चूल कोण पेटवतं,
आणि पीक गेलं त्या वर्षी
काय खाल्लं.

सापडलं ते भद्रकालीत, इद्रिसभाई कोकणींच्या रद्दीत,
आयटीआयच्या गाईडांखाली.
दिंडोरीला द्राक्षं चिरडायचं यंत्र बसवायला
कुणी परदेशी फिटर आला होता म्हणे,
लॉजवर अर्धं सामान विसरून गेला.
बांधणी उसवलेली, तेलाचे डाग,
मधल्या पानाला चिकटलेला कांद्याचा पापुद्रा.
वजनावर, अकरा रुपये.
"वाचणार कोण?" भाईंनी विचारलं.
लिपीच निराळी. थीटा आणि पाय तेवढे
दहावीच्या गणितापासून ओळखीचे,
तेही तेव्हा फारसे बोलायचे नाहीत माझ्याशी.

तीन आठवडे ओट्यावर पडून होतं.
डागांवरून एवढं कळायचं
कुठली पानं रांधली गेलीत
आणि कुठली नुसतीच छापलीत.

सोमीबाई भोये, सुरगाण्याकडची,
बागेत निंदणीला असते. दुपारी पाणी प्यायला आत आली.
पान उघडं होतं, शाईनं काढलेली पाच-सहा झुडपं.
हात मातीचे, म्हणून न शिवता
बोट वरच धरून म्हणाली,
"ही घोळ."
मग सावकाश, शाळेत हजेरी घ्यावी तशी,
"हा माठ. हा चाकवत.
ही आमच्याकडं नाही, पण हिची बहीण आहे डोंगरात,
कडू असते, दोन पाणी टाकून शिजवायची."

तीन वर्षं मी ज्याला अडलो होतो
ते तिनं तांब्या खाली ठेवायच्या आत वाचलं.

"तिकडं खातात होय ही?"
"खातात," मी म्हणालो, खात्री नसताना.
"इथं मला ती उपटून फेकायची
मजुरी मिळते."

दुसऱ्या दिवशी खताच्या गोणीतून घेऊन आली,
पानं जाड, देठ लालसर, मुळांना ठिबकचा चिखल.
निवडायला तीच बसली.
मी लसूण ठेचला, कढई ठेवली.
"तेल किती घालायचं, लिहिलंय का त्यात?"
मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं,
उलटून पाहिलं.
अक्षरंच अक्षरं. आकडा एकसुद्धा नाही.
"नाही लिहिलं."
"मग बरोबर आहे पुस्तक," ती म्हणाली
आणि बाटली माझ्या हातातून घेतली.

टेबल चारवर भूमध्य थाळी अजून तशीच जाते,
सहा ऑलिव्ह, वर तुरा.
फक्त प्लॉट सातच्या कडेची घोळ
तेवढी राहू दे, असं मी सोमीबाईला सांगितलंय.
मालकांना अजून नाही.