तपासणी

मागच्या दाराने यायचं, कोळशाच्या जिन्याजवळून.
टोपी काढायची, पिशवी उघडून दाखवायची:
किल्ली, रबरी पाचरा, नमद्याची चिंधी, सुरकाटा.
दोनशे तीस तारा त्या काळ्या जनावराच्या पोटात,
एकेकीचा कान पिळायचा
आणि संध्याकाळी लोक यायच्या आत
बोटांचे ठसेसुद्धा पुसून निघायचं.
लेकसाइड हॉलमध्ये अठराशे खुर्च्या.
बारा वर्षांत मी एकीवरही बसलो नव्हतो.

जानेवारी होता, एकवीस सालचा.
सरोवरावरचा वारा शिकागोत कुणाला वगळत नाही,
तेवढं एकच इथं सगळ्यांना सारखं.
त्या दिवशी पिशवी धरायला लिओंटीन आली.
लिओंटीन गॅस्पार्ड, आमच्या माडीवरची भाडेकरू,
ओहायोच्या संगीतशाळेचं सुवर्णपदक
जिनं ट्रंकेत लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलं होतं.
दिवसा चर्चमधल्या पोरांची बोटं सरळ करायची,
रात्री एकतिसाव्या रस्त्यावर, तळघरात,
जिथे चहाच्या कपात चहा सोडून सगळं मिळे,
तिथे ‘मिस डोव्ह’ या नावाने, पहाटे तीनपर्यंत.
नाव बदललं होतं ते पाद्रीबाबांना कळू नये म्हणून.
पाद्रीबाबा दर गुरुवारी कोपऱ्यातल्या टेबलाशी असत.

झाडूवाल्याला म्हटलं, मदतनीस आहे.
काझिमिर पोलंडचा. त्याचं इंग्रजी कुणाला कळायचं नाही,
आमचं ऐकायला कुणी थांबायचं नाही,
त्यामुळे आमचं बरं जमायचं.

शेवटची तार लागली. म्हटलं, बघ जरा तपासून.
तिने हातमोजे काढले, बोटांवर फुंकर घातली.
मला वाटलं, वरखाली दोन फेऱ्या मारील आणि उठेल.
तिने कॉन्चेर्टोच धरला, मधली संथ चाल,
वाद्यवृंदासकट.
म्हणजे व्हायोलिनं यायची तिथे ती थांबायची,
मान हलवून मोजायची,
समोरच्या नव्वद रिकाम्या खुर्च्यांना त्यांचा वेळ द्यायची,
मग पुन्हा शिरायची, अगदी वेळेवर.
काझिमिरने झाडू भिंतीला टेकवला
आणि सातव्या रांगेत जाऊन बसला, तिकीट काढल्यासारखा.
मला हातानेच म्हणाला, बस.
मी नाही बसलो.
का, ते अजून मला नीटसं सांगता येत नाही.

त्या रात्री व्हिएन्नाचा कुणी पाहुणा वाजवून गेला.
मॅनेजरला विचारत होता म्हणे,
हा पियानो माझ्याआधीच जागा कसा?
सोमवारी मला चिठ्ठी आली:
तपासणीला वेळ फार लागतो.
पाऊण डॉलर कापला.

शुक्रवारी तळघरात गेलो.
होझिया क्लॅरिनेट पिळत होता ओल्या चादरीसारखी,
ब्लूज चाललेला, जोडपी घामाने एकमेकांना चिकटलेली,
आणि मधेच तिने त्या संथ चालीच्या चार ओळी
डाव्या हाताने खाली सोडल्या,
वर उजवा तसाच खिदळत.
कुणाचं पाऊल चुकलं नाही.
होझियाची फक्त एक भुवई वर गेली.
त्याने ओळ उचलली, तोंडात घोळवली, आणि अशी वळवली
की वाटलं, आली बाबा व्हायोलिनं,
उशिरा का होईना,
मागच्या दाराने.

क्लब मिटताना मालकाने हाक मारली:
ओबाडाया, या डबड्याची एक पट्टी मुकी झालीय, बघ.
झाकण उघडलं. तार तुटलेली, खुंटी गंजलेली,
दहा मिनिटांचं काम.
लिओंटीनने माझं मनगट धरलं.
"राहू दे. सगळी गाणी मी तिला वळसा घालून बसवलीत.
आता ती बोलायला लागली तर
मला पहिल्यापासून शिकावं लागेल."

झाकण लावलं. हत्यारं आवरली.
मालकाकडून पैसे मात्र पुरते घेतले,
वर पाऊण डॉलर जास्तच.