दोन काठ

जूनमध्ये, अँडीजच्या त्या दरीवर,
दोन्ही काठांची माणसं गवताचा पूल नव्यानं विणतात.
अलीकडे सातुर्निनोचे भाऊ, पलीकडे त्याची सासुरवाडी.
पाण्याच्या पाटावरून तीन वर्षं बोलणं बंद.
दोर मात्र ओढावाच लागतो, दोन्हीकडून,
शिव्या हासडत.

एउलोखिया गवतावर पाणी शिंपडते,
तळव्यांत पीळ भरते.
काल रात्रीपासून नवऱ्याशी अबोला.
कशावरून, आता नीट आठवत नाही,
मिठावरून असेल.

"सैल सोडू नका रे!" पलीकडून तिचा बाप.
सातुर्निनो टाचा रोवतो.
दोर कुरकुरतो,
पाण्यावरून उचलला जातो.

म्हातारा इलारियो नातवाला गोष्ट सांगत होता,
नेमका इथंच थांबला.
"मग? तुटला?"
म्हातारा कोकाची पानं चघळत राहिला.
पोरानं नकळत
दोराचं शेपूट घट्ट धरलं.