बू-मुनीरा

मुहर्रकच्या जुन्या धक्क्यामागे
त्यांचा बर्फाचा कारखाना.
पहाटे तीनला लाद्या सुटायच्या,
पायाखाली पांढरा भुसा करकरायचा,
आणि भिंती रात्रीही तापलेल्या त्या गावात
लाँचांवरचे खलाशी बोटं फुंकत उभे.
मी हिशेब लिहायचो.
लादी, अर्धी लादी, उधार.

मुली तीन. मुलगा नाही.
तरी सगळे त्यांना बू-नासिर म्हणत,
न झालेल्या नासिरच्या नावानं.
रीत होती.

निवडणुकीला उभे राहिले
तेव्हा फलक रंगवणाऱ्या मलबाऱ्याला म्हणाले,
लिही, बू-मुनीरा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे.
थोरल्या लेकीचं नाव भरचौकात, हातभर अक्षरांत!
त्याच आठवड्यात दोन लाँचवाल्यांनी
बर्फ दुसरीकडून उचलला.

तंबूत रोज रात्री वेलचीचा कहवा.
ते बोलायचे बायकांच्या हक्कांवर, वर्तमानपत्रांवर,
माणूस माणसाचा मालक नसतो यावर.
लादी फोडावी तसं बोलणं,
एक घाव, मग बराच वेळ काही नाही.
मी मागे खुर्च्या मोजत असे.
मला मत नव्हतं. अरबीही बाजारापुरतीच.
पण 'हुर्रिया' इतक्यांदा कानावर पडलं
की एकदा खतावणीत, येण्याच्या रकान्यात,
हात तेच लिहून गेला. खोडावं लागलं.

एका रात्री शाळेतल्या एक बाई उठल्या,
चष्मा पुसत म्हणाल्या,
तुमच्या कामगारांचे पासपोर्ट कुठे असतात?
पंखे फिरत राहिले.
कुणाचा तरी पेला बशीवर वाजला.

घरी नाही गेले, कारखान्यात आले.
फरशीवर मांडी घालून तिजोरी उघडली.
सत्तावीस पासपोर्ट.
एकेकाचं नाव वाचून हातात देत होते.
माझं आलं. थांबले. म्हणाले, "बांशाल."
अरबीत प नाही, च नाही,
होतं तेवढ्यात पांचाळ बसवला.
चौदा वर्षांत पहिल्यांदा आडनाव घेतलं.
फोटोतल्या मला मिशी होती.

खोलीत आम्ही आठजण.
पहिल्या रात्री उशीखाली, मग तांदळाच्या डब्यात,
मग पोटाशी बांधून झोपलो. झोपलो कसला.
सहाव्या दिवशी परत नेऊन दिला.
साहेब, तुमच्याकडेच ठेवा, खोलीत झुरळं आहेत.
हसायला लागले,
आणि मध्येच तोंड तसंच राहिलं.
दुसऱ्या दिवशी जोडकिल्ली करून आणली,
माझ्या हातावर ठेवली.

एकशे बारा मतांनी पडले.
पुढच्या खेपेला निवडून आले,
गटारांसाठी भांडले, एका वाचनालयासाठी भांडले,
वाचनालय नाही झालं.
कारखान्याकडे बघायला वेळ उरला नाही,
लाँचांवर शीतपेट्या आल्या,
लाद्या कमी, मग बंद.

तिजोरी भंगारवाल्यानं तीन दिनारांना नेली,
हिशेबात मीच लिहिली, शेवटची जमा.
किल्ली कुणी मागितली नाही.
करगोट्याला आहे अजून.
आंघोळीला गार लागते.