तालुक्याची माहिती, पान दुसरे

साहेब म्हणाले, दोन पानं पुरेत.
सुरगाणा तालुका : इतिहास व लोकजीवन.
पहिलं मी कचेरीतच उरकलं.
संस्थान, देशमुख, विलीनीकरण,
पाऊस मिलिमीटरमध्ये, साक्षरता टक्क्यांत.
दुसऱ्यासाठी सकाळच्या एसटीनं
चिंचमाळला उतरलो.

मावंजी भोये ओसरीवर कांबी सोलत होता.
गाव कधी वसलं?
"कटांग फुलली, त्याच्या आदल्या साली."
आणि कटांग कधी फुलली?
त्यानं कोयता थांबवला,
मला नीट पाहून घेतलं.
"उंदरं आली ना, त्या साली."

बांबूचं बी पडलं होतं रानभर, गव्हासारखं.
माणसांनी शिजवून खाल्लं, उंदरांनी कच्चं,
मग उंदीर कणगीत उतरले.
मावंजीचा थोरला भाऊ त्या साली गेला.
रकान्याचं नाव होतं 'स्थापना वर्ष'.
मी पेनचं टोपण लावलं.

झिपरीबाई नागली पाखडत होती.
"सडक? सडकेची खडी मी वाहिली.
तवा ही पोटात होती."
ही म्हणजे सुमन, अंगणवाडीची,
चष्म्यातून पोषण आहाराचं रजिस्टर भरणारी.
तुमचा जन्म कधीचा, ताई?
"आधारावर एक जून."
हसली. "गावात सगळे एक जूनचेच.
गुरुजींना दुसरी तारीख येत नव्हती."
मावंजी एक जूनचा. झिपरीबाई एक जूनची.
शेजारचा मुका काळू, तोही.
मग मी सडकेपुढेही
एक जूनच लिहिलं.

शेवटची एसटी चुकली.
रात्री मावंजीनं काशाची थाळी उलटी-सुलटी पाहिली,
मधोमध मेणाचा गोळा दाबला, त्यात काडी रोवली,
आणि काडीवरून बोटं खाली ओढत राहिला.
घुंऽऽऽ असा आवाज,
जणू खोलीच कण्हते आहे.
कणसरी रुसली, तो सांगत होता,
डोंगराआड निघून गेली,
कणग्या रिकाम्या, चुली थंड.
पोरं माझ्या दप्तराला टेकून झोपली.
ती परत कशी आली ते मी ऐकलं नाही,
माझाही डोळा लागला.

सोमवारी साहेबांनी पान वाचलं.
उंदीर खोडले.
कणसरीपुढे प्रश्नचिन्ह.
एक जूनखाली मात्र बारीक बरोबरची खूण,
आणि कोपऱ्यातल्या मेणाच्या डागावर बोट ठेवून :
हे काय आहे?